नेत्याने जन्मभर लपवलेलं दुखणं सिनेमाने दाखवावं का? ('वॉर्म स्प्रिंग्ज' आणि आमचा मामा)

गिरगावकरीण

गेल्या रविवारी मामाकडे डोंबिवलीला गेले होते. जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर 'वॉर्म स्प्रिंग्ज' लावला. २००५चा सिनेमा आहे, अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावरचा. केनेथ ब्रॅना रूझवेल्ट झालाय. पण यात महायुद्ध नाही की चर्चिल नाही. १९२१च्या ऑगस्टमध्ये कँपोबेलो बेटावर सुट्टीला गेलेला एक उमदा, पैसेवाला, आदल्याच वर्षी उपाध्यक्षपदाची निवडणूक हरलेला एकोणचाळीस वर्षांचा माणूस ताप आला म्हणून झोपतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याचे पाय जातात. पोलिओ. तिथपासून राजकारणात परत येईपर्यंतची वर्षं, एवढाच सिनेमा. बराचसा भाग जॉर्जियातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर घडतो.

मामाला पोलिओ झाला १९५८ साली, वयाच्या तिसऱ्या वर्षी. डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्या. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिन्यावरून मामा येतोय हे आवाजावरून कळायचं: एक साधं पाऊल, एक लोखंडी. आजी त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायची.

सिनेमात रूझवेल्ट एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने कुणाचा तरी दंड धरून चालायला शिकतो, ते मी अगदी डोळे लावून बघत होते. मामा म्हणाला, "पाय काय बघतेस? हात बघ."

संपल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "चांगला आहे. पण त्याला हे आवडलं नसतं."

आणि खरंच आहे. या माणसाने पुढे चार वेळा अध्यक्षपदाची निवडणूक जिंकली आणि व्हीलचेअरमधले त्याचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. छायाचित्रकाराने तसा फोटो घ्यायचा प्रयत्न केला तर सुरक्षारक्षक आडवे यायचे. ज्याने आयुष्यभर इतकं जपलं, ते त्याच्या मागे आपण पडद्यावर मोठं करून बघायचं, हे बरोबर आहे का? तुम्हाला काय वाटतं?

चहाबिस्कुट

पहिला नंबर. आधी चहा घेतो, मग वाचतो.

चित्रपटवेडा

वा, या सिनेमावर मराठीत कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. टीव्हीसाठी काढलेला सिनेमा आहे, त्या वर्षीच्या उत्कृष्ट टीव्ही-चित्रपटाचा एमी मिळालाय. केनेथ ब्रॅना मला जरा जास्तच देखणा वाटला, पण सिंथिया निक्सनची एलेनॉर, म्हणजे रूझवेल्टची बायको, अप्रतिम. लाजरीबुजरी बाई नवऱ्याच्या जागी सभेत बोलायला उभी राहते, ती थरथर तिने कुठेही नाटकी होऊ दिलेली नाही. आणि सासूच्या भूमिकेत जेन अलेक्झांडर! हिनेच १९७६ साली एका मालिकेत एलेनॉर केली होती. म्हणजे सून होती ती सासू झाली. तिलाही या भूमिकेसाठी एमी मिळाला.

पण एक तक्रार. अशा सगळ्या सिनेमांचा साचा ठरलेला असतो. आजार, निराशा, दाढी वाढवणे, एक खडूस पण प्रेमळ मदतनीस, मग टाळ्या. इथे खडूस-प्रेमळ खात्यात कॅथी बेट्स आहे, फिजिओथेरपिस्ट. बाई चांगली करते, पण साचा तो साचाच.

तिरकस

एक साधा प्रश्न. करोडपती घराण्यातल्या गोऱ्या माणसाला नोकरचाकर, खासगी गाडी, वर स्वतःचा गरम पाण्याचा तलाव. त्याच्या 'संघर्षा'वर आपण मुंबईत बसून उसासे टाकायचे? गणेशपुरी-वज्रेश्वरीला जाऊन बघा, गरम पाण्यात किती लोक पाय बुडवून बसलेत. त्यांच्यावर काढा की सिनेमा.

आणि मूळ प्रश्नाबद्दल: त्याने लपवलं म्हणजे मतदारांना फसवलं. सिनेमाने दाखवलं तर बरंच झालं.

चहाबिस्कुट

तिरकसराव, वज्रेश्वरीला पाय बुडवून बसलेल्यांत मीही होतो. पण माझा आजार म्हणजे सासरेबुवांबरोबरची सहल. त्यावर सिनेमा चालेल का?

इतिहासाचा_मास्तर

तिरकस, 'फसवलं' म्हणताना जरा सांभाळून. रूझवेल्टला पोलिओ झाला होता ही गोष्ट अमेरिकेत सगळ्यांना ठाऊक होती. वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. १९२६ साली त्याने ते झरे आणि पडकं हॉटेल विकत घेतलं, जवळजवळ दोन लाख डॉलर घातले. त्याच्या मालमत्तेचा मोठा हिस्सा त्यात गेला. पुढच्याच वर्षी तिथे पोलिओच्या रुग्णांसाठी संस्था काढली. हे लपवणाऱ्याचं लक्षण नव्हे. लपवलं ते एवढंच, की पाय *किती* गेलेत. लोकांची समजूत अशी की हा थोडा लंगडतो. प्रत्यक्षात आधाराशिवाय तो एक पाऊल टाकू शकत नव्हता.

एक प्रसंग सांगतो, हा सिनेमात नाही, कारण सिनेमा त्याच्या आधीच थांबतो. २७ जून १९३६, फिलाडेल्फियाचं मैदान, दुसऱ्यांदा उमेदवारी स्वीकारण्याची सभा, लाखभर माणूस. मुलाचा हात धरून रूझवेल्ट व्यासपीठाकडे निघालाय. वाटेत एडविन मार्कम हे म्हातारे कवी दिसले. त्यांच्याशी हस्तांदोलन करायला तो वळला आणि पायाच्या पट्टीचं गुडघ्याचं लॉक सुटलं. अध्यक्ष आडवा. भाषणाचे कागद चिखलात पसरले. रक्षकांनी कडं केलं, त्याला उभा केला, लॉक बसवलं, कागद गोळा केले. मग तो पुढे गेला आणि भाषण केलं. दुसऱ्या दिवशी पेपरांत पडल्याचा उल्लेख नाही.

मला विचाराल तर खरी फसवणूक निराळीच आहे. १९४४च्या मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याला तपासलं, रक्तदाब भयंकर वाढलेला, हृदय थकलेलं. हे मतदारांना सांगितलं नाही. चौथ्यांदा शपथ घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत, १२ एप्रिल १९४५ला, त्याच वॉर्म स्प्रिंग्जमध्ये तो गेला. पाय लपवल्याने कुणाचं काही बिघडलं नाही. हृदय लपवलं ती देशाची गोष्ट होती. आपल्याकडचं उदाहरण हवं तर जिनांचा क्षय बघा. तो मुंबईच्या त्यांच्या डॉक्टरांनी गुपित ठेवला, आणि फाळणीनंतर वर्ष-सव्वा वर्षात ते गेले.

नीलपाखरू

मास्तर, लॉक सुटलं ते वाचून अंगावर काटा आला.

एक_पाय_पुढे

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज लिहितो.

मी पण पोलिओवाला. उजवा पाय. कळवा ते सीएसएमटी एकतीस वर्षं केली, आता निवृत्त. धागाकर्तींच्या मामांनी 'हात बघ' म्हटलं ना, ते ज्याने कॅलिपर वापरलाय तोच म्हणू शकतो. थोडं समजावून सांगतो, चालेल ना?

लांब कॅलिपर म्हणजे मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, मध्ये चामड्याचे पट्टे, आणि गुडघ्याशी बिजागरी. त्या बिजागरीवर एक कडी असते. उभं राहिलं की कडी आपल्या वजनाने खाली सरकते आणि 'टक' होतं. ते टक ऐकल्याशिवाय वजन टाकायचं नाही. बसताना पँटवरूनच कडी चिमटीत धरून वर ओढायची. म्हणून आमच्या पँटी नेहमी गुडघ्याच्या बाजूला विरतात. माझा शिंपी तिथे आतून जाड अस्तर लावायचा, न सांगता.

आता हा एका पायाचा मामला. रूझवेल्टचे दोन्ही पाय असे, वर कंबरेच्या स्नायूंतही जोर नाही. दोन्ही पायांच्या पोलादी पट्ट्या मिळून साडेचार किलोच्या आसपास. त्या बुटांशी काळ्या रंगवलेल्या, म्हणजे लांबून दिसू नयेत. असा माणूस 'चालतो' कसा? तर काठीवर आणि दुसऱ्याच्या दंडावर सगळं धड तोलायचं, कंबर उचलायची, पाय झोपाळ्यासारखा पुढे टाकायचा. पाय फक्त टेकवायला. ज्याचा दंड धरलाय त्याला विचारा, संध्याकाळी हातावर बोटांचे वळ असतात. माझ्या भावाच्या लग्नात माझा चुलतभाऊ असा माझ्याबरोबर मंडपभर फिरला होता. आम्ही दोघं हसत हसत गप्पा मारतोय असं सगळ्यांना वाटलं. हसायचं ही त्यातली मुख्य युक्ती. रूझवेल्टही पोराला तेच सांगायचा म्हणे, की हसत राहा, इकडेतिकडे बघत राहा, घाई करू नकोस.

आणि लॉक सुटणं. ते माझंही सुटलंय. मध्य रेल्वेचं एक स्टेशन, जुलै महिना, पुलाच्या जिन्यावर चिखल. कडी अर्धवट बसली असणार, गर्दीच्या रेट्यात टक ऐकू आलं नाही. चौथ्या पायरीवर पाय मुडपला. डबा उघडला, भेंडीची भाजी चार पायऱ्यांवर. लोक दोन्ही बाजूंनी जात होते, दोघं थांबले, एका कॉलेजच्या पोराने काखेत हात घालून उचललं. पण खरं सांगू? उचलायच्या आधी मी काय केलं माहितीय? वर सरकलेली पँट खाली ओढली. कोपर फुटलं होतं, रक्त येत होतं, आणि मी पँट सारखी करत होतो.

म्हणून मला त्या माणसाने का लपवलं हे कुणी समजावून सांगायला नको. आणि तरीही सिनेमाने दाखवावं असंच मी म्हणेन. का, ते नीट सांगता येत नाही अजून. विचार करून लिहितो.

ठाणेकर_ठमी

काका, भेंडीच्या भाजीपाशी हसले आणि पुढच्याच ओळीत घशात अडकलं.

चहाबिस्कुट

काका, वाचनमात्र राहू नका हो. आमच्यासारखे रिकामटेकडे दिवसाला दहा प्रतिसाद टाकतात आणि तुम्ही गप्प.

फिजिओताई

एक_पाय_पुढे यांनी इतकं नेमकं लिहिलंय की आमच्या कॉलेजात वाचून दाखवावं. दोन गोष्टींची भर घालते.

एक, गरम पाणी पोलिओ बरा करत नाही. मेलेली मज्जापेशी परत येत नाही. तिथलं पाणी साधारण ३१ अंशांचं, खनिजांमुळे जड. त्यात शरीर तरंगतं, दुबळ्या स्नायूलाही थोडी हालचाल जमते, आणि कोमट असल्यामुळे बराच वेळ आत राहता येतं. जमिनीवर न उचलणारा पाय पाण्यात उचलला जातो, त्याचा माणसाच्या मनावर जो परिणाम होतो तो मी रोज बघते. सिनेमाने हे बऱ्यापैकी प्रामाणिक ठेवलंय. तो शेवटी पळत सुटत नाही, याबद्दल दिग्दर्शकाचे आभार. आपल्याकडे असता तर देवळाच्या पायऱ्यांवर कुबड्या फेकल्या असत्या.

दोन, निदान. सुट्टीला आलेल्या एका नावाजलेल्या वृद्ध सर्जनला बोलावलं, त्याने मणक्यात रक्ताची गुठळी झालीय असं सांगून पाय चोळायला लावले. घरचे रात्रंदिवस चोळत बसले. त्या अवस्थेत स्नायू चोळणं म्हणजे नुसत्या वेदना, वर अपायाची भीती. दोन आठवड्यांनी डॉ. लव्हेट आले तेव्हा पोलिओ म्हणून कळलं. पहिल्या डॉक्टरांनी बिल पाठवलं सहाशे डॉलरचं.

२००३ मध्ये काही डॉक्टरांनी लिहिलं की त्याला पोलिओ नव्हे, गिया-बारे (नसांचा एक वेगळा आजार) झाला असावा. सगळ्यांना ते पटलेलं नाही. वाद आहे.

चहाबिस्कुट

चुकीच्या निदानाचे सहाशे डॉलर, तेही १९२१ साली. म्हणजे ही परंपरा बरीच जुनी आहे तर.

ठाणेकर_ठमी

अवांतर होईल, पण लिहिते. मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, पल्स पोलिओच्या बूथवर पहिल्या वर्षापासून, म्हणजे १९९५पासून बसलेय. रविवारी सकाळी आठला टेबल मांडायचं, बर्फाच्या पेटीत लस, डाव्या करंगळीला शाई. दोन थेंब पाजून झाले की पोराला शिट्टी द्यायची. एकदा गोवंडीच्या वस्तीत एक चार वर्षांचा बहाद्दर करंगळी तोंडात घालून शाई चोखून चोखून तीन बूथवर जाऊन आला. तीन शिट्ट्या! आईला बोलावलं तर ती म्हणे, "बाई, औषध गोड लागतंय त्याला."

दारं बंद करणारी घरंही होती. मग सोमवारपासून घरोघरी. भिंतीवर खडूने खुणा करायच्या, कुठल्या घरात राहिलंय ते. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. त्या दिवशी आम्ही शाळेत पेढे वाटले. मुलांना कळेचना कशाचे.

माझ्या वर्गात पहिल्या काही वर्षांत दरवेळी कॅलिपरवालं एखादं तरी मूल असायचं. नंतर दिसेनासं झालं. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

इतिहासाचा_मास्तर

ठमीताई, अवांतर कुठलं! हा धागा थेट रूझवेल्टपाशीच जातो. १९३८ साली त्याच्या पुढाकाराने पोलिओविरुद्ध राष्ट्रीय संस्था निघाली. लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी थेट व्हाइट हाऊसला पाठवली, पोत्यांनी टपाल आलं. त्याच पैशातून पुढे साल्कची लस झाली. ती परिणामकारक आहे ही घोषणा १२ एप्रिल १९५५ची, रूझवेल्टच्या दहाव्या स्मृतिदिनी. १९४६पासून त्या दहा सेंटच्या नाण्यावर त्याचंच तोंड आहे. योगायोग बघा, आपल्या हाजीअलीची अपंग पुनर्वसनाची संस्थाही १९५५चीच.

गिरगावकरीण

मास्तर, मामाचे कॅलिपर हाजीअलीलाच झाले! आजी त्याला घेऊन ट्रामने आणि मग चालत जायची. माप घेऊन परत येताना समुद्रावर चणे.

दादरकर_आजोबा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. तिरकस यांनी इथल्या माणसांवर सिनेमा का नाही असं विचारलं, त्याला धरून लिहितो.

जयप्रकाशजींवर का नाही? आणीबाणीत २६ जून १९७५च्या पहाटे त्यांना पकडलं, चंदीगडच्या रुग्णालयात कैदेत ठेवलं. नोव्हेंबरात सोडलं तेव्हा मूत्रपिंडं निकामी झाली होती. मुंबईत जसलोकला आणलं. तेव्हापासून शेवटपर्यंत डायलिसिस. त्या काळी डायलिसिस म्हणजे काय, हे आम्हा कार्यकर्त्यांना माहीतही नव्हतं. मशीनवर तासन्‌तास पडून राहायचं, उठल्यावर अंगात त्राण नाही. आणि १९७७ची निवडणूक या माणसाने तशा शरीराने लढवली. स्वतः उभे नव्हते, पण लढवली त्यांनीच. शिवाजी पार्कच्या गर्दीत मी होतो. आवाज इतका क्षीण, की लोक श्वास रोखून ऐकत. लाख लोक शांत, असं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही.

आणि एक प्रसंग तर कुठल्याही पटकथाकाराला सुचणार नाही. मार्च १९७९. जेपी जसलोकमध्ये, प्रकृती गंभीर. दिल्लीत पंतप्रधान मोरारजींनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब. आणि जेपी इथे पेडर रोडवर जिवंत! आम्ही दादरहून टॅक्सी करून धावलो, खाली ही गर्दी. पुढे ते पाटण्याला ८ ऑक्टोबरला गेले.

रूझवेल्टने आजार लपवला. जेपींचा आजार सगळ्या देशाला ठाऊक होता, आणि त्यातूनच लोकांना कळलं की तुरुंगात काय झालं. दोन्हींवर सिनेमा निराळा होईल.

तिरकस

आजोबा, नमस्कार. हा सिनेमा मी पहिल्या दिवशी पहिला खेळ बघेन. पण आपल्याकडे कोण काढणार आणि कसा काढणार? आपल्या चरित्रपटातला नेता आजारी पडला तरी केस विस्कटत नाहीत. खोकला आला की पार्श्वसंगीत, आणि मागे तिरंगा. मंडालेत टिळकांना मधुमेह होता, सातूचं पथ्य होतं, हे आपल्याला पडद्यावर किती दिसतं? बाबासाहेबांचे शेवटच्या वर्षांतले फोटो बघा, हातात काठी, बाजूला आधाराला माणूस. मधुमेह, पायांच्या वेदना, नजर अधू. त्या शरीराने १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूर केलं आणि पावणेदोन महिन्यांत गेले. ते दुखणं दाखवलं तर माणूस लहान होतो का मोठा?

चित्रपटवेडा

तिरकस आज पहिल्यांदा पटले. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

पण उलट बाजूही आहे. 'द आयर्न लेडी' आठवतोय? २०११. मेरिल स्ट्रीपला ऑस्कर मिळालं. पण सिनेमाभर थॅचरबाई म्हातारी, स्मृतिभ्रंश झालेली, मेलेल्या नवऱ्याशी बोलतेय. बाई तेव्हा हयात होती! २०१३मध्ये गेली. मला थॅचरच्या राजकारणाचं काडीचं प्रेम नाही, पण ते बघताना कुणाच्या तरी न्हाणीघराच्या दाराला डोळा लावल्यासारखं वाटलं.

पाय गेलेला माणूस आपल्या पायांबद्दल निदान काही ठरवू शकतो. आठवणच गेली तर ठरवणार कोण?

दादरकर_आजोबा

तुम्ही हे लिहिलंत आणि मला जॉर्ज फर्नांडिस आठवला. १९६७ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं तेव्हा आम्ही रात्रभर नाचलो होतो. १९७४चा रेल्वे संप. हातात बेड्या, तोच हात वर केलेला फोटो. अनेक भाषा फाडफाड बोलणारा माणूस, मराठीत तर कामगारांशी शिव्यांसकट. त्याला अल्झायमर्स झाला. २०१९च्या जानेवारीत गेला. मधल्या वर्षांत दिल्लीला भेटून आलेला एक जुना सहकारी मला म्हणाला, "मी गेलो, बसलो, आलो." एवढंच. पुढे काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्याच्यावर सिनेमा काढा, पण ती खोली दाखवू नका. हे माझं मत. तर्काला धरून नाही, माहीत आहे.

नीलपाखरू

एक विनंती. सगळे 'अपंग' लिहिताय, 'दिव्यांग' लिहावं ना? बरं दिसतं.

एक_पाय_पुढे

नीलपाखरू, राग नाही, पण कुणाला बरं दिसतं? माझ्या पायात दिव्य असं काही असतं तर मी पुलावर पडलो नसतो. लोकलच्या आमच्या राखीव डब्यावर पाटी बदलली, आत तेच सात धट्टेकट्टे झोपेचं सोंग घेऊन बसलेले असतात. तुम्हाला जो शब्द लिहायचा तो लिहा. मला दारापाशी धरायला दांडा द्या.

आपल्याकडे जयपाल रेड्डी होते. लहानपणीच पोलिओ, कुबड्या. आयुष्यभर कुबड्या घेऊन संसदेत उभे राहिले, मंत्री झाले, उत्कृष्ट संसदपटूचा पुरस्कार मिळाला. कुणी त्यांना दिव्य म्हटलं नाही आणि त्यांनीही काही लपवलं नाही. मी त्यांना टीव्हीवर बघायचो तेव्हा भाषण कमी ऐकायचो, कुबड्या कुठे टेकवून ठेवतात ते बघायचो.

नीलपाखरू

काका, माफ करा. समजलं.

एक_पाय_पुढे

अहो माफी कसली. चहाबिस्कुटांकडून चहा घ्या.

हिशोबनीस

उशिरा आलो. सिनेमा कौतुकाचा आहे, पण एक जमाखर्च राहिला. वॉर्म स्प्रिंग्जचं ते केंद्र फक्त गोऱ्यांसाठी होतं. सुरुवातीला पोलिओचे रुग्ण आले तेव्हा हॉटेलातल्या धडधाकट पाहुण्यांनी यांच्याबरोबर जेवणार नाही, पोहणार नाही म्हणून कुरकुर केली. हे सिनेमात येतं, आणि आपल्याला त्यांचा राग येतो. पण त्याच केंद्रात काळे लोक होते ते स्वयंपाकाला, रुग्णांना उचलायला. काळ्या मुलाला पोलिओ झाला तर त्याने त्या पाण्यात उतरायचं नाही. त्यांच्यासाठी अलाबामातल्या टस्कीगीला वेगळं केंद्र निघालं ते १९४१ साली. पाणवठ्याचा हा इतिहास मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. महाडचा सत्याग्रह १९२७चा, आणि वॉर्म स्प्रिंग्जची संस्थाही १९२७चीच.

इतिहासाचा_मास्तर

हिशोबनीस, हे मी लिहायला हवं होतं. राहून गेलं.

चहाबिस्कुट

या प्रतिसादावर विनोद सुचत नाहीये. नोंद घ्यावी.

गिरगावकरीण

सगळ्यांचे आभार. मला वाटलं होतं चार प्रतिसाद येतील.

काल परत डोंबिवलीला गेले आणि हा अख्खा धागा मामाला वाचून दाखवला. एक_पाय_पुढे यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. भेंडीवर हसला, पँटीवर नाही हसला. फिलाडेल्फियाचा प्रसंग ऐकून म्हणाला, "वळला ना तो? वळताना कडीवर आडवा ताण येतो. आणि तेल नसेल दिलं." मामा अजून दर शनिवारी मामीच्या शिलाई मशीनचं तेल दोन थेंब कडीत सोडतो. मी लहानपणापासून बघत आलेय आणि ते कशासाठी, हे मला काल कळलं.

मग मूळ प्रश्न पुन्हा विचारला. दाखवावं की नाही? म्हणाला, "त्याला नसतंच आवडलं. पण मी तर बघितला ना." आणि पुढे, "तो पडतो तेही दाखवायला हवं होतं. दोन मिनिटं. पेपरवाल्यांनी नाही छापलं, निदान सिनेमावाल्यांनी तरी."

एवढं बोलून कपाट उघडलं आणि जुना कॅलिपर काढून दाखवला, १९७० सालचा. चामडं पार वाळून गेलंय, कडी मात्र अजून टक करते. फोटो काढू का विचारलं. "नको," म्हणाला.

तर फोटो नाही.

एक_पाय_पुढे

मामांना नमस्कार सांगा. मी म्हटलं होतं विचार करून लिहितो, आता वेगळं लिहायची गरज नाही.

एक मात्र विचारा त्यांना. मांडीचे चामडी पट्टे हल्ली कुठे बदलून घेतात? माझा परळचा माणूस दुकान बंद करून गावी गेला. नवीन सगळे प्लास्टिकचे देतात, उन्हाळ्यात घाम येऊन कातडी सोलते.

गिरगावकरीण

विचारलं. म्हणे एक चांभार आहे, स्टेशनजवळ बसतो, माप घेऊन जाड चामड्याचे करून देतो, बकल आपलं आपण न्यायचं. पत्ता असा इथे नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

चहाबिस्कुट

व्यनिने मलाही. चपला सांधायच्या आहेत.